अजून जंगल दिसून नाही राहिलं

हनुवटी दोन बोटांत धरायची, चेहरा खिडकीकडे वळवायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "अजून जंगल दिसून नाही राहिलं." समोरची मुलगी दोन तास हललेली नसे, ओठांवरचा रंग बिघडेल म्हणून तिने पाणीसुद्धा प्यायलेलं नसे. सरांचा निकाल हाच. मग तिच्या गालावर आणखी एक मातकट पट्टा चढे.

रायपुरातल्या एका खाजगी फॅशन संस्थेत सर मेकअप आणि केशरचना शिकवत. मी भनपुरीतल्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते आणि शनिवारी दुपारी त्याच संस्थेत प्रसाधनांचं रसायनशास्त्र शिकवायला जात असे. माझा तास संपला की त्याच खोलीत त्यांचा सुरू होई. दाराशी उभे राहून ते फळ्याकडे बघत आणि विचारत, "पुसू का मॅडम, का अजून कोणाले समजायचं बाकी आहे?" मुली हसत. मीही हसे, कारण पन्नाशी उलटलेल्या माणसाला वर्गासमोर उत्तर देणं मला तेव्हा असभ्यपणाचं वाटे. आज वाटणार नाही.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा इसम आला असेल. अनुभव आहे, म्हणून ज्याने शिकणं थांबवलं असा. सरांचं तसंच होतं. मराठ्यांच्या काळापासून रायपुरात राहिलेलं घर, पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, स्वतःचं ब्युटी पार्लर, आणि तीस वर्षांत सजवलेल्या नवऱ्या. कोणत्याही शंकेला त्यांच्यापाशी एकच उत्तर असे: "तीस वर्षं झाली मॅडम, एकही नवरी वापस नाही आली." परत न आलेलं गिऱ्हाईक हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही, ते दुसऱ्या पार्लरमध्ये गेलेलं असू शकतं, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागवला. तो चहाही ते हातात पातळ रबरी मोजे चढवूनच पीत. मला तो मोठा शस्त्रक्रियातज्ज्ञ असल्याचा आव वाटे आणि त्याची मला विशेष चीड येई.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाला सुनीता नावाची मुलगी होती. बस्तरात कोंडागावकडची, आदिवासी, वसतिगृहात राहणारी, कमी बोलणारी. प्रकल्पासाठी तिने घेतलेला विषय म्हणजे तिच्या स्वतःच्या गावचा पोशाख: आठ मुली, आठ वेश आणि त्यांना शोभणारे मेकअप व केस. परीक्षकांमध्ये नवा रायपुरातलं एक वस्त्र-वर्कशॉप चालवणाऱ्या बाई येणार होत्या, आणि ज्या विद्यार्थिनीचं काम त्यांना पटेल तिला त्या नोकरी देणार होत्या. नोकरी मिळाली नाही तर सुनीताने परत जायचं आणि मामाच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवायचे, हे घरी ठरलेलं होतं. तिने मला हे सांगितलं ते बसच्या वेळापत्रकाबद्दल बोलावं इतक्या सरळपणे. कपडे तिचेच होते आणि उत्तम होते. मात्र संस्थेच्या नियमाप्रमाणे मेकअप आणि केसांच्या आराखड्यावर सरांची सही लागे. ती सही मिळवण्यासाठी ती पोरगी तीन शनिवार त्यांच्यासमोर उभी होती.

पहिल्या शनिवारी तिने फोनवर आपल्या मावशीचा फोटो दाखवला. तेल लावून चापून विंचरलेले केस, मानेच्या उजव्या अंगाला झुकलेला घट्ट अंबाडा, त्यात खोचलेल्या दोन फण्या.

"सर, मौसी ऐसा बनाती है," ती म्हणाली.

सरांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला. "बेटा, ही तर बँकेत चाललेली बाई दिसून राहिली."

"हव सर. बैंक ही जा रही थी."

वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. तिच्या डोक्यावर मोजा घातलेला हात ठेवून ते अत्यंत मायेने म्हणाले, "तुले ट्रायबल समजतच नाही, पोट्टी."

हे वाक्य मी शब्द न बदलता लिहिलं आहे. असं वाक्य माझ्याच्याने रचवलं नसतं.

त्यांना स्वतःला ट्रायबल कसं समजलं होतं, तेही सांगते. त्यांच्या फोनमध्ये एक फोल्डर होतं. त्यात केनियातल्या कुठल्याशा नर्तकांचे चेहरे, डोक्यावर गरुडाची पिसं लावलेला एक अमेरिकन योद्धा आणि चिप्सच्या जाहिरातीतली एक नटी, असे सगळे एका कुटुंबातले असल्यासारखे शेजारी शेजारी बसले होते. या सामग्रीतून सर बस्तर तयार करत. मुलींचे केस यंत्राने कुरळे करून, उलटे विंचरून, स्प्रे मारून ते छत्रीएवढे फुगवत. गोलबाजारातून आणलेली रंगवलेली कोंबडीची पिसं त्यात खोचत. ओल्या पिसांचा वास खोलीभर पसरे आणि मुली तोंडाने श्वास घेत. सुनीता भिंतीला टेकून आपल्या आठ सुंदर लुगड्यांच्या वर ही आठ घरटी बसवली जाताना बघत राही. एकदा तिने विचारलं, "सर, हमारे यहाँ बाल ऐसे खुले रखेंगे तो काम कैसे करेंगे?"

"काम कोणाले दाखवायचं आहे? मले फील पाहिजे, फील!"

तिसऱ्या शनिवारी प्रश्न रुचीचा राहिला नाही. सोमवारी रंगीत तालीम, मंगळवारी परीक्षण. मुलींच्या कपाळावर आणि हनुवटीवर काढलेलं गोंदण दोन दिवस टिकावं म्हणून सरांनी एका वाटीत काळी मेंदी कालवली होती. मी पाकीट उचलून वाचलं. ती मेंदी नव्हतीच. केस काळे करायची पूड होती. तिच्यातलं पीपीडी हे रसायन केसांसाठी बनवलेलं आहे. कातडीवर थेट लावलं तर ते अंगात शिरतं, आणि अंगाने एकदा त्याला शत्रू ठरवलं की जन्मभर विसरत नाही. फोड येतात, व्रण राहतात. आठ मुलींचे चेहरे होते आणि ब्रश वाटीत बुडालेला होता.

"हे लावता येणार नाही," मी म्हटलं.

"काहून?"

मी कारण सांगितलं. सरांनी ब्रश वाटीच्या काठावर निथळवला. "तीस वर्षं झाली, मॅडम."

"मग अठ्ठेचाळीस तास थांबायला हरकत नाही. आधी थोड्याशा कातडीवर लावून बघा."

"कोणाच्या? तुमच्या?"

मुली माझ्याकडे बघू लागल्या. मी तयार होते, पण मला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. "तुमचं सायन्स माझ्यावर करा," असं म्हणून त्यांनी शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली, मोजा उतरवला आणि डाव्या मनगटाच्या वर पैशाएवढा काळा ठिपका थापला. कोणीतरी टाळी वाजवली. त्यांनी मोजा लगेच पुन्हा चढवला, पण मी समोरच उभी होते. बोटांच्या पेरांवर कातडी सुटलेली होती, नखांभोवती लालसर भेगा होत्या, आणि तळव्याचा रंग जुन्या चामड्यासारखा होता. केसांच्या रंगात वर्षानुवर्षं हात घालणाऱ्याचे हात असे होतात. पुस्तकात मी हे अनेकदा पाहिलं होतं.

त्या दुपारी मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "तुम्हाला काय होणार हे तुम्हाला माहीत आहे."

ते कूलरचं पाणी पीत होते. "हळू बोला. पोरी ऐकून राहिल्या."

"मग लावलं कशाला?"

"मग काय सांगू त्याहिले? तीस वर्षं झाली अन् मास्तरचे हात सडून राहिले, हे सांगू?"

मला त्यांची कीव आली, हे मी नाकारत नाही. परंतु माझं मत बदललं नाही. उलट पक्कं झालं. अडाणीपणाने चुकणाऱ्याला शिकवता येतं. या माणसाच्या दहाही बोटांवर पुरावा लिहिलेला होता, आणि तरीही तो त्याच वाटीतला ब्रश अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींच्या कपाळाला लावायला निघाला होता. मी त्याच दिवशी संस्थेच्या प्राचार्यांना लेखी कळवलं.

सोमवारी मी अर्धी रजा टाकून तालमीला गेले. रायपूरचा एप्रिल, पंखे गरम हवा फिरवत होते, आणि सर पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून आले होते. बसताना ते डावा हात अंगापासून दूर धरत होते. प्राचार्यांचं पत्र त्यांच्या टेबलावर पडलेलं होतं, पण त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. "गोदना कॅन्सल," त्यांनी जाहीर केलं. "फील नाही येऊन राहिला." चूक झाली म्हणण्यापेक्षा कला बदलली म्हणणं या गृहस्थांना सोयीचं होतं.

मग त्यांनी केस फुगवायचं यंत्र उचललं. ते उजव्या मुठीत मावेना. बोटं मिटत नव्हती; ठिपका डाव्या हातावर होता, पण अंग एकदा असं चिडलं की जुन्या जखमाही पेटतात. दोनदा प्रयत्न करून त्यांनी ते खाली ठेवलं आणि इकडेतिकडे बघितलं. मदतीला कोणी पुढे झालं नाही. सुनीता भिंतीपाशी होती.

"काय बघून राहिली? आण तुझं तेल," ते खेकसले. "कर मौसीचं. सही मी करतो."

ती पळत वसतिगृहात गेली आणि तेलाची बाटली घेऊन आली. आठ मुलींचे केस तिने तीन तासांत बसवले. सर खुर्चीवर बसून होते. मधूनच सवयीने "हे जरा वर, हे जरा वर" म्हणत होते. ती "हव सर" म्हणे आणि काही वर करत नसे.

मंगळवारी त्या आठ मुली एकामागून एक चालत आल्या. चेहरे जवळजवळ धुतल्यासारखे साधे, केस चकचकीत, मान मोकळी, आणि उजव्या अंगाला घट्ट अंबाडा. पहिल्यांदाच त्या लुगड्यांचे काठ नीट दिसत होते. वर्कशॉपच्या बाई उठून जवळ आल्या, एका मुलीला पाठमोरी उभी करून बघत राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "ये जूड़ा किसका काम है?"

माईक सरांच्या हातात होता. अशा ठिकाणी तो नेहमी त्यांच्याच हातात असे.

"मैडम, इसमें क्या है ना, तीस साल का अनुभव," त्यांनी सुरुवात केली. आदिवासी सौंदर्य, संशोधन, मातीचा गंध हे सगळं ओळीने आलं. मी पहिल्या रांगेत होते. मला किळस आली. सुनीताकडे बघवेना. तिची नोकरी त्या माईकमधून दुसऱ्याच्या नावावर जात होती आणि माणूस थांबायला तयार नव्हता.

"हमारी मौसी का है, मैडम." सुनीता माईकशिवाय बोलली, पण सभागृह लहान होतं. "बनाए भी हम हैं. सर नहीं."

सगळे सरांकडे वळले. आता ते हसतील, तिच्या पाठीवर हात ठेवतील, "हो हो, माझीच विद्यार्थिनी" म्हणतील, याची मला खात्री होती. त्यांनी एकदा आपल्या हाताकडे पाहिलं. माईक तोंडापाशी नेला.

"सही बोल रही है," ते म्हणाले. "मेरे को ये बाँधना आता नहीं."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. सर माईक टेबलावर ठेवून खाली उतरले आणि बाजूच्या दाराने निघून गेले. संध्याकाळी सुनीताचं नाव जाहीर झालं तेव्हा ते नव्हते. ती आता नवा रायपुरात काम करते. पहिल्या महिन्यात तिने मला मावशीचा आणखी एक फोटो पाठवला.

एका खऱ्या वाक्याने तीस वर्षं धुऊन निघतात, असं मी मानत नाही. त्यांनी कोणाकोणाच्या हातांना ती पूड लावली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, आणि त्या नवऱ्या वापस येऊन तो देणारही नाहीत. माझ्या पत्रावरून काळ्या मेंदीला संस्थेत कायमची बंदी झाली. त्या पत्रावर माझी सही आहे आणि मला तिचा पश्चात्ताप नाही.

नव्या सत्रात सर आले नाहीत. प्राचार्य म्हणाले, मध्ये सुटीत एक-दोनदा वर्गाची किल्ली मागायला आले होते, मग कळवलं की आता होत नाही. त्यांचा तास तूर्त माझ्याकडे आला आणि त्याबरोबर त्यांचं कपाट. मी ते एका दुपारी रिकामं करायला घेतलं. पिसं, प्लास्टिकचे मणी, वाळलेले रंग, पुडीची बरीच पाकिटं; सगळं पोत्यात टाकत गेले. सर्वांत खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्राखाली, केस विंचरण्याच्या सरावासाठी असतं तसलं एक रबरी डोकं होतं. त्याच्या केसांत मिळतील तेवढे आकडे खोचलेले होते. ताणून तुटलेली रबरं तशीच गुंतून राहिली होती. केसांना जागोजागी आधीच्या बांधणीचे मोड पडले होते, एकावर एक, किती वेळा ते मोजता येण्यासारखं नव्हतं. आणि मानेवर एक अंबाडा होता. सैल. डाव्या अंगाला, म्हणजे चुकीच्या.

मी ते उचललं तशी गाठ सुटली आणि केस माझ्या मनगटावर ओघळले. हाताला तेल लागलं, ओलं. खोबरेल तेल असं वाळत नाही, त्यामुळे ते नेमकं कधी लावलं होतं, हे सांगता येत नाही.