अकराशे सहा लेकी

नारिन शहरातल्या वाचनालयात झूराकानने तीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिली. ती कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात नव्हती. जिल्ह्याच्या वंशावळीचं संकेतस्थळ करायचं ठरलं, तेव्हा ते जिकिरीचं काम आपसूक तिच्याच गळ्यात पडलं.

तिने प्रत्येक माणसाला एक पान दिलं. वर नाव, खाली दुवे: बाप, मुलगे, हिवाळ्याचं कुरण, कबर. एका नावावर बोट ठेवलं की दुसरं पान उघडे, तिथून तिसरं. पण नुसतं वर चढायचं नि खाली उतरायचं. एका कुळातून दुसऱ्यात जायला वाटच नव्हती. मग तिने वंशावळीत कुणी कधी न लिहिलेला दुवा घातला: 'दिलेली लेक'. गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडे चहा पीत, त्या सांगतील तसं थेट यंत्रात भरत, दोन वर्षांत तिने अकराशे सहा लेकी गोळा केल्या. सगळी कुळं एकमेकांना जोडली गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या कामाचा अभिमान वाटला. तिच्या बापाच्या पानावर पाचवा दुवा ती स्वतः होती.

उद्घाटनाआधी तिचे चुलत सासरे पाहायला आले. वंशावळीतला त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. त्यांचं नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं, टाइप मात्र केलं होतं. त्यांनी आपल्या बापाचं पान उघडलं आणि बहिणीचं नाव दिसताच बोट मागे घेतलं.

"सूनबाई, हा काय बाजार मांडलायस?"

"लेकी आहेत, मामंजी."

"लेक म्हणजे घरातली पाहुणी. पाहुण्यांची नावं कुणी वंशावळीत लिहितं का?"

वाचनालयाचा संचालक तालंत हा झूराकानपेक्षा वीस वर्षांनी लहान, मान डोलवायला सदा तयार. "ताई, वडीलधाऱ्यांना दुखवून कसं चालेल? काढून टाका बरं. एक कळ तर दाबायची."

तिने कळ दाबली. नक्की पुसायचं का, असं यंत्राने तरी विचारलं. माणसांपैकी कुणी विचारलं नाही. उद्घाटनाला मेंढा कापला गेला, तिला डोईचा रुमाल मिळाला. तिच्या बापाच्या पानावर आता चारच दुवे होते.

तीन वर्षांनी चुलत सासरे काठी टेकत पुन्हा आले. तिच्यासमोर बसून आधी हवापाण्याचं बोलले.

"माझी बहीण, सालकिन. तलासला पळून गेली म्हणून आमच्या बाबांनी तोडून टाकलेली. माझे काही फार दिवस राहिले नाहीत, सूनबाई. तिची पोरं कुठं असतात, ते तुझ्या त्या यंत्रात होतं ना?"

"ते पुसलं, मामंजी."

"तेवढी एकटी परत घाल. कुणाला कळतंय?"

"एकटीला जोडू तरी कशाशी? तिच्या पोरांपर्यंतची वाट पाच बायकांच्या घरांतून जात होती, ती त्यांनीच मला सांगितलेली. त्यांतल्या चौघी वारल्या. पाचवीला आता माणसं ओळखू येत नाहीत."

म्हाताऱ्याने यंत्रावर स्वतःचं पान उघडलं. तिथे बाप होता, मुलगे होते, कुरण होतं.

हा दिवस त्यांच्यावर यावा म्हणून झूराकानने तीन वर्षं मनातल्या मनात बोटं मोडली होती. तो आला, पण तिला बरं वाटलं नाही. सालकिनची पोरं कुठे होती, ते आता तिलाही आठवत नव्हतं.