दिवसभर घरीच असणारा माणूस

मी सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. राजूरच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून थोडं आत, तारेच्या कुंपणात आमचं सबस्टेशन आहे. तिथून पाच लाईनी निघतात, त्यांना आम्ही फिडर म्हणतो. दोन गावांना वीज देतात, तीन शेतांना. कुठला फिडर कधी चालू करायचा, कधी बंद करायचा आणि दर तासाला मीटरचे आकडे वहीत लिहायचे, एवढीच माझी नोकरी. दिवसा ती कुणालाही जमेल.

लागलो त्या वर्षी आमच्यापैकी एका ऑपरेटरची बदली झाली आणि जागा रिकामीच राहिली. उरलेल्यात मी सगळ्यात नवा. त्यामुळे नाईट माझ्याकडे आली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. आठवड्याची सुट्टी सोडली तर पाच महिने मी रात्री दहा ते सकाळी सहा तिथे एकटा बसलो. शेतीची लाईट तेव्हा बहुतेक रात्रीच असायची. त्यामुळे आपण एकटे जागे आहोत असंही वाटायचं नाही. लांब शेतात बॅटऱ्या हलताना दिसायच्या आणि मध्येच फोन यायचा, "ओ ऑपरेटर साहेब, तीन नंबर गेली बघा. हरभऱ्याला पाणी देऊन राह्यलो, जल्दी करा."

रात्रीचा मला त्रास नव्हता. त्रास दिवसाचा होता.

जालन्यात मस्तगडला आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, खाली पिठाची गिरणी. बायको एका खासगी शाळेत शिकवायची. चार वर्षांच्या मुलीला घेऊन ती साडेसातला निघायची, त्याच सुमारास मी गाडीवरून घरी पोचायचो. "झोपा आता निवांत," असं म्हणून ती जिना उतरायची, आणि मी झोपतो अशीच तिची समजूत होती.

पण दिवसा घरी असलेला माणूस सगळ्यांना रिकामा वाटतो. मोठा भाऊ आमच्या गावी, अंबड तालुक्यात असतो. त्याचा फोन दहाला यायचा. "झोपला होता का? बरं, उठलाच हाईस तर तेवढं तहसीलमध्ये जाऊन ये. तू तर दिवसभर घरीच असतो." गॅसची टाकी, बँकेतलं काम, आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेणं, गावाकडून आलेल्या पाहुण्याला बसस्टँडवरून आणणं, सगळं माझ्याकडे. विहारात कुणाच्या लेकराचं नाव ठेवायचं असलं तरी निरोप मलाच, कारण बाकीचे कामावर. मीही नाही म्हणायचो नाही. घरात पहिली पक्की नोकरी माझी. थकलो म्हटलं तर लोक म्हणतील, खुर्चीवर बसून कसला थकतो?

दोन तास झोप व्हायची, कधी तीन. बायको दुपारी यायच्या आत मी तोंड धुऊन बसलेला असायचो. "झाली का झोप?" "झाली की." हे खोटं मी रोज इतक्या सहज बोलायचो की ते खोटं आहे हेही विसरून गेलो होतो.

मग चुका सुरू झाल्या. एकदा दोनचे आकडे तीनच्या रकान्यात लिहिले. एकदा सकाळी गाडीवर डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून कपाशीच्या शेतात शिरली. पऱ्हाट्यांनी पाय खरचटले, बाकी काही नाही. घरी सांगितलं की कुत्रं आडवं आलं.

त्यानंतरची ती रात्र जानेवारीतली. थंडी जबर होती. दोनच्या सुमारास आमच्या लाईनमनचा फोन आला. पन्नाशी ओलांडलेला, धनगराच्या घरातला माणूस, सबस्टेशनला लागूनच्या वाडीवर राहायचा. त्यांना मी मामा म्हणायचो. तीन नंबरच्या लाईनवर एका खांबावरची तार तुटली होती. ती जोडायला त्यांना वर चढायचं होतं.

अशा वेळी पद्धत ठरलेली आहे. ऑपरेटरने तो फिडर बंद करायचा, रजिस्टरमध्ये वेळ आणि माणसाचं नाव लिहायचं, आणि त्या फिडरच्या हँडलवर 'माणसे काम करत आहेत' अशी पाटी अडकवायची. याला लाईन क्लिअर म्हणतात. लाईनमन काम उरकून येतो, सही करतो आणि लाईन क्लिअर परत देतो. तोपर्यंत त्या हँडलला हात लावायचा नाही. लावला तर वरचा माणूस जागीच संपतो.

मी फिडर बंद केला, रजिस्टर लिहिलं, पाटी अडकवली. मामांना फोनवर म्हणालो, "चढा." आणि खुर्चीत बसलो.

जाग आली ती फोनने. एक शेतकरी ओरडत होता, "आवो, तासभर झाला, वाफ्यात पाणी अर्ध्यात थांबलं, झोपले का तुम्ही?" मी खडबडून उठलो. समोर तीन नंबर बंद. डोक्यात एकच आलं की ट्रिप झाली, म्हणजे लाईन आपोआप पडली. असं रात्रीतून चार वेळा होतं. आपण उठतो आणि चालू करतो. दोन वाजता मामांचा फोन आला होता, हे माझ्या डोक्यात कुठेच नव्हतं. पुसलंच गेलं होतं. पाटी दिसली, पण ती शेजारच्या चार नंबरवर. तोही तेव्हा बंदच होता. मीच झोपेत चुकीच्या हँडलवर अडकवली होती.

माझा हात तीन नंबरच्या हँडलवर होता. फिरवायचं तेवढं बाकी होतं.

भिंतीवरचं घड्याळ आठवडाभर बंद होतं. चालू केल्याची वेळ वहीत लिहावी लागते, म्हणून मोबाईल बघायला मी वळलो. फोन ठेवताना मी तो उघड्या रजिस्टरवर ठेवला होता. मोबाईल उचलला आणि खाली माझंच अक्षर दिसलं. फिडर नंबर तीन. बंद, दोन वाजून दहा. मामांचं नाव. आणि 'परत' या शब्दाखालचा रकाना कोरा.

आधी मीटरकडे पाहिलं, शून्य. पुन्हा पाहिलं. मी फिरवलं नव्हतं, तरी खात्री पटेना. मामांना फोन लावला, वाजून बंद झाला. खांबावरचा माणूस फोन उचलत नाही हे माहीत असूनही दुसऱ्यांदा लावला. मग पाटी काढून तीन नंबरवर अडकवली आणि त्या हँडलसमोर उभा राहिलो. शेतकऱ्यांचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. बसायची भीती वाटत होती. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. तासभर तरी असेन.

साडेचारला फाटकाशी मामांची गाडी वाजली. कानाला मफलर, हात काळे झालेले. दारातच म्हणाले, "काय भाऊ, उभा कामून? चहा टाक की."

"मामा, आधी सही करा."

त्यांनी सही केली. मी लाईन चालू केली, मीटरचा काटा चढला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पाटी कुठे होती, हात कुठे होता, सगळं.

मामा बाहेर पायरीवर जाऊन बसले. मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. मग बोलले, "माझी पोरगी बारावीला हाय यंदा." एवढंच. मला वाटलं, आता उठून दोन ठेवून देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी विचारलं, "दिवसा किती झोपतो तू?"

"दोन-तीन तास."

"मंग बाकीच्या दिवसाचं काय करतो?"

मी तहसील, गॅस, दवाखाना असं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. "म्हंजी तू दोन ड्युट्या करून राह्यला," ते म्हणाले. "अन् दुसरीचं कुणालाच ठावं न्हाई."

"मामा, साहेबांना सांगू नका."

"म्या न्हाई सांगणार. तू सांगणार. म्या संगं येतो."

सकाळी आठला आम्ही दोघं ऑफिसात उभे होतो. आमचे साहेब माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठे. नोकरी गेली असं धरूनच मी बोललो. साहेबांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "कळतंय का तुम्हाला काय झालं असतं?" ते ओरडले. मला लेखी ताकीद मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. पण ओरडून झाल्यावर त्यांनी ड्युटीचा तक्ता काढला. पाच महिने एकाच माणसाला नाईट आहे हे त्यांनी जणू पहिल्यांदाच पाहिलं. खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "हे माझंही चुकलंय."

तेव्हा मामा बोलले. "साहेब, पाटीनं काम न्हाई भागत. कुलूप पाह्यजे. अन् चावी जो खांबावर चढंल त्याच्या खिशात."

दुसऱ्याच दिवशी पाच कुलपं आली. आणि पुढच्या आठवड्यापासून नाईट आम्हा तिघांत फिरायला लागली. सात रात्री झाल्या की दोन आठवडे सुटका.

त्या दुपारी घरी बायकोला सांगितलं. कुत्रं आडवं आलं नव्हतं, हेही सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. "रोज विचारत होते मी," ती म्हणाली. "रोज." या शब्दांचं ओझं मामांच्या शब्दांपेक्षा जास्त होतं.

मग तिने माझ्या देखत भावाला फोन लावला. "दादा, एक सांगायचं होतं. हे दिवसभर घरी नसतात. झोपलेले असतात. संध्याकाळी पाचच्या पुढं फोन करत जा." पलीकडून दादा काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "तहसीलचं काम शनिवारी करू, मी येते बराबर." फोन ठेवून तिने खिडकीला जाड सतरंजी खिळ्यांनी ठोकली. माझा मोबाईल बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवला. मी झोपलो की नाही याचा हिशोब तेव्हापासून माझ्याकडे नाही.

पहिले दोन दिवस झोप आलीच नाही, सवय मोडली होती. तिसऱ्या दिवशी लागली. गिरणीचा आवाज आड येईल असं वाटायचं, पण त्या एकसुरी आवाजानेच मला झोप लागायची. गिरणी बंद पडली की जाग यायची. त्या दिवशी गिरणी चालूच राहिली असणार. उठलो तेव्हा फोडणीचा वास येत होता आणि आज कोणता वार हे मला आठवेना. बायको दारात उभी.

"सात तास," ती म्हणाली. "दोनदा येऊन श्वास बघून गेले."

मी हसलो आणि मला रडू आलं, दोन्ही एकदमच. किती महिन्यांनी डोळ्यांतली वाळू गेली होती. दुपार कलत होती, मुलगी जिन्यात भाजीवालीला दटावत होती, "हळू बोल, पप्पांची रात्र चालू हाय."

रात्रपाळी अंगवळणी पडते असं लोक म्हणतात. माझ्या ती कधी पडली नाही. मी तिच्याशी जमवून घेतलं एवढंच. घरून नऊला अर्धी भाकरी खाऊन निघायचं, मध्यरात्री जड काही खायचं नाही. दोननंतर चहा नाही, नाहीतर तो सकाळची झोप खातो. तासातासाला बॅटरी घेऊन आवारात फेरी मारायची. आणि हँडलला हात लावण्याआधी मोठ्याने बोलायचं, "तीन नंबर. बंद. कुलूप लावलं. चावी मामांकडं." एकट्याने असं बोलताना सुरुवातीला लाज वाटली, पण झोपेतलं डोकं स्वतःचा आवाज ऐकतं, विचार ऐकत नाही. सकाळी सुटल्यावर लगेच गाडीला किक मारत नाही. तिथल्याच खाटेवर अर्धा तास पडतो, मग निघतो.

आता शेतीची लाईट बरीचशी दिवसा येते. आमच्याच शेजारच्या माळावर सोलरच्या पाट्यांची शेती उभी राहिली आहे. रात्रीचे फोन कमी झाले. रिकामी जागाही भरली, नवा मुलगा आला. त्याला पहिल्या आठवड्यात मी कुलूप दाखवलं आणि लगेच विचारलं, घरी कोणाकोणाला सांगितलंय तू रात्री जागतो म्हणून?

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांची मुलगी नर्स झाली. मागच्या महिन्यात माझी नाईट संपताना, सकाळी सहाच्या सुमारास, ते फिरत फिरत फाटकाशी आले. स्वेटर, हातात काठी. त्यांना चहा दिला. मी विचारलं, "मामा, आता झोप कशी लागते?"

"नऊला पडतो. पर तीनला जाग येतीच बघ, एवढ्या वरसांची सवय." कपातला शेवटचा घोट त्यांनी घेतला. "मंग उगं पडून राह्यतो अंधारात. फोन वाजत न्हाई. कुठं जायचं न्हाई. लई बरं वाटतं."