तव्यावरचे तीन प्लग

आमच्या घरी हिवाळ्यात भाकऱ्या झाल्या की तव्यावर प्लग भाजतात. हसू नका. आमची व्हॅन जुनी, पेट्रोलवरची. सिद्धगडाच्या बाजूने गारठा उतरायला लागला की ती पहाटे सुरू व्हायचं नाव घेत नाही. स्टार्टर मारत राहिलं तर पेट्रोल नुसतं आत जातं, प्लग भिजतात, ठिणगी पडत नाही आणि शेवटी बॅटरी मान टाकते. धसईच्या मेकॅनिकने उपाय सांगितला, संध्याकाळी प्लग काढून घरात ठेवा, सकाळी गरम करून लावा. सांगायला त्याचं काय जातं!

व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. संध्याकाळी सीट उचलायची, वायरी उपसायच्या, पान्याने तिन्ही प्लग सोडवायचे आणि भोकांत कापडाचे बोळे घालायचे. काजळी काचकागदाने घासायची. पहाटे हेच सगळं उलट. प्लग आधी हातानेच फिरवायचा, मग पाना लावायचा, कारण घाईत तिरका बसला तर आटे जातात. हे मी करते, कारण नवरा नाशिकला कामाला आहे आणि पंधरवड्याने येतो. आला की विचारतो, "गाडी बरी चालते ना?" गाडीला काय धाड भरलीय? चालवणारी थकलीय.

एवढा आटापिटा सासूबाईंसाठी. त्यांच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा शहापूरला डायलिसिस. आमची पाळी सकाळची पहिली. पहिली एसटी धरून गेलं तर पाळी हुकलीच म्हणायची, आणि त्या वेळेला दुसरं वाहन मिळत नाही. म्हणजे सगळी भिस्त त्या तीन प्लगांवर.

तव्याची कल्पना सासूबाईंचीच. मी आधी प्लग चुलीच्या कडेला ठेवायचे आणि ते राखेने माखायचे. त्या म्हणाल्या, "तव्यावर ठेव गो. भाकरी झाली का तवा मोकलाच हाय." तेव्हापासून पाट घेऊन त्या चुलीजवळ बसायच्या आणि पदराने धरून एकेक प्लग परतायच्या. शेत सुटलं, पाणीसुद्धा मोजून प्यायचं, मीठ बंद. एवढं एकच काम त्यांच्या हातात उरलं होतं आणि ते त्या मन लावून करायच्या.

गेल्या पौषात एका पहाटे मी इंजिनातले बोळे काढून आत आले, तर तव्यावर दोनच प्लग. चुलीतली राख चाळली, लाकडं हलवली, मांजराला शिव्या घातल्या. सासूबाईंचा एक हात कमरेला, जिथे त्या पानसुपारीची चंची खोचतात तिथे. बोलणी मांजराने खाल्ली आणि चोर पाटावर बसलेला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, उशीर होतोय. द्या तो इकडे."

"आज नको गो."

"नको म्हणजे? अंगात पाणी भरेल. मागे श्वास लागला होता, विसरलात?"

"नाय इसरले." त्या चुलीकडेच बघत होत्या. "काल जेवताना तुझा डोला लागला. घास हातातच व्हता. आज तू निज."

मला रडूच फुटलं. मला निज म्हणणारं कुणी भेटून किती दिवस झाले होते, आठवेना. केंद्रात फोन लावला. तिथली बाई करवादली, पण दुपारची पाळी दिली. मग मी खरंच आडवी झाले. डोळे उघडले तेव्हा ओटीवर ऊन आलं होतं आणि माझ्या अंगावर त्यांची गोधडी होती. त्या उशाशी बसून होत्या, हात अजून चंचीवरच. जणू मी झोपेत उठून गाडी काढीन.

तिसरा प्लग त्यांनी स्वतःच काढून दिला. त्याला काताचा वास येत होता. उन्हाने इंजिन तापलं होतं, गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. वाटेत त्या म्हणाल्या, "बग, तुज्यासारकीच हाय ती. निजली का बरी चालते."

यंदाही थंडी आलीय. आठवड्याच्या तीन खेपा चालूच आहेत. सासूबाईंना आता चुलीपाशी बसवत नाही. त्या आत पडून असतात, गाडी सुरू झाली की मी त्यांना उचलून नेते. प्लग मीच परतते. परतताना मोजते, आणि ते रोज तीनच भरतात. कधीतरी दोनच निघावेत असं फार वाटतं.