विरुपाक्षांच्या गाडीचं झाकण

विरुपाक्ष होटगी जंक्शनात पॉइंट्समन होते. रूळ बदलायचे, आगगाडीला वाट करून द्यायची आणि झेंडा धरून उभं राहायचं, यातच नोकरी सरली. समोरून खिडक्या सरकत जायच्या. कुणी पेरू खात असायचं, कुणी काचेला गाल टेकून झोपलेलं. ते स्वतः कुठं गेले नाहीत.

निवृत्त झाल्यावर अकलूजच्या एका बागायतदाराच्या गोठ्यात पडून असलेली जुनी विलायती मोटार त्यांनी घरी आणली. काळी, गोल पाठीची, बटबटीत दिव्यांची. त्यांच्या बायकोनं, गौरव्वानं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आता कुटं जायाचं?"

"उजनीचं पाणी बघाया. आगगाडीतली माणसं सांगायची की, आभाळ खाली निजल्यागत दिसतंय."

पण उजनी काही येईना. सोलापूर ओलांडून पुण्याच्या रस्त्याला लागलं, की बॉनेटमधून वाफ निघायची. रेडिएटरच्या झाकणाखालून पाणी सुसकारे टाकत झिरपायचं. मग बाभळीखाली गाडी लावायची, ती निवायची वाट बघायची, पाणी भरायचं आणि माघारी फिरायचं. विरुपाक्षांनी झाकणाखाली ट्यूबचं रबर कापून घातलं. नवं झाकण आणलं. गळती तशीच.

गौरव्वाला त्याचं काही वाटायचं नाही. ती बांधावर बसून वाफेकडं बघत राहायची. ज्वारीच्या ताटांवरून वाफ पांढऱ्या पदरासारखी सरकायची आणि बघता बघता विरायची.

"मोटार बिडी वडतीया जनू," ती म्हणायची. विरुपाक्षांना हसू यायचं, मग रागही यायचा.

त्याच रागात एकदा त्यांनी गाडी निवायच्या आधीच झाकण फिरवलं. उकळतं पाणी मनगटावर उसळलं. गौरव्वानं कॅनमधलं सगळं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. घरी आल्यावर तिनं हाताला पट्टी बांधली. सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "एक तर चांगल्या मिस्त्रीला दावा, न्हाईतर गाडी अकलूजला धाडा परत."

सोलापुरात रेडिएटरचं काम करणारे इसूफभाई होते. त्यांच्या दुकानापुढं कडुलिंबाची सावली डुलत होती. गाडी पुरती निवेस्तोवर त्यांनी हात लावला नाही. मग झाकण काढलं, ज्या नळीवर ते बसतं तिच्या तोंडातून बोट फिरवलं आणि गौरव्वाकडं वळून विचारलं,

"भाभी, कुंकू हाय का जवळ?"

तिनं पिशवीतून डबी काढून दिली. इसूफभाईंनी नळीच्या आतल्या कडेला कुंकू लावलं, झाकण दाबून बसवलं आणि पुन्हा काढलं. झाकणाच्या रबरावर लाल चंद्रकोर उमटली होती.

"अर्धंच टेकतंय बगा. झाकण चांगलं हाय. त्याची बसायची जागा वाकलीया."

"म्हंजी मी झाकनंच बदलत बसलो की," विरुपाक्ष म्हणाले.

"समदे तेच करत्यात, मामा. मीबी आदी झाकनच बगतो."

त्यांनी रेडिएटर उतरवला, आतला गंज धुतला, लाकडी हातोडीनं कड हळूहळू सरळ केली, झिजलेल्या जागी कथलाचा डाग दिला आणि कानशीनं घासून एकसारखी केली. सावली दुकानाच्या पायरीवर चढली. पुन्हा कुंकू लावलं, तेव्हा रबरावर पुरतं गोल उमटलं. विरुपाक्ष ते गोल बराच वेळ बघत राहिले.

"गरम असताना उगडायचं न्हाई," इसूफभाई म्हणाले. विरुपाक्षांनी पट्टी बांधलेला हात मागं लपवला आणि गौरव्वा तोंडाला पदर लावून हसली.

थंडी पडल्यावर एका सकाळी ते निघाले. नेहमीची बाभळ मागं गेली. गौरव्वा सारखी बॉनेटकडं बघत होती, पण वाफ आली नाही. मोहोळ गेलं, उसाच्या ट्रॉल्या गेल्या, मग माढ्याकडची रानं झोपेतल्यासारखी सरकू लागली. विरुपाक्षांनी काच खाली केली. आता खिडकीत तेच होते. रस्त्याकडेला एक बाई शेळ्या घेऊन उभी होती. त्यांनी तिला हात केला. तिनंही केला.

पाणी आलं ते एकदम. काठच कळेना. दूर गुलाबी पक्ष्यांची एक रेघ होती. ती उठली, वाकली आणि पुन्हा पाण्यावर उतरली. दोघं गाडीतच बसून राहिले. विरुपाक्षांना वाटलं, आपण अजून चालतोच आहोत आणि पाणीच मागं मागं जातंय. मग त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा गौरव्वा स्टिअरिंगच्या चाकाकडं बघत होती.

"मला बी शिकवा की ही चालवाया."

"तुला?"

"व्हय. मंग तुमी खुशाल निजा."

आता होटगीच्या माळावर, उन्हं कलली की, काळी मोटार सावकाश गोल गोल फिरत असते. चाकावर गौरव्वा, ओठ घट्ट मिटलेली. शेजारी विरुपाक्ष, हात गुडघ्यांवर ठेवून. "निधान, निधान," ते कानडीत पुटपुटतात, म्हणजे हळू, हळू. ती आणखी हळू जात नाही.