शॉमबर्गच्या चॅन्सलर काकू

पद्मिनी खानखोजे नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायला उभी राहिली की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन थांबायची. लग्न झालं, चंद्रशेखरबरोबर ती शिकागोजवळच्या शॉमबर्गला आली, आणि ते सगळं एकदम संपलं. चंद्रशेखर इंजिनिअर, त्याच्या कामाला तोटा नव्हता. पद्मिनीच्या एम.ए.ला मात्र कुणी विचारेना. दोन-तीन कॉलेजांत ती मुलाखतीला जाऊन आली. तुमचे उच्चार मुलांना कळायचे नाहीत, असं प्रत्येक ठिकाणी फार गोड शब्दांत ऐकून परतली. शेवटी मॉलमधल्या एका दुकानात पडद्यांचं कापड मोजून कापून द्यायचं काम तिने धरलं.

पण कुढत बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. इतिहास सांगायची हौस ती घरी भागवून घ्यायची. मुलगी दीपा इथेच जन्मलेली. तिच्या ताटात वरणभाताबरोबर रोज एखादा राजा, एखादा वजीर पडायचाच.

१९८२ च्या ऑक्टोबरात रुपालीकडे सगळी मराठी मंडळी जेवायला जमली होती. रुपाली गावातल्या लायब्ररीत काम करायची. टीव्हीवर बातमी लागली, पश्चिम जर्मनीच्या चॅन्सलरला संसदेने खाली खेचलं.

"यार, युनिव्हर्सिटीचा चॅन्सलर बदलला, त्याची बातमी शिकागोच्या टीव्हीवर कशाला?" चंद्रशेखरचा मित्र शैलेंद्र म्हणाला.

पद्मिनीच्या हातात पुऱ्यांची परात होती. ती तशीच वळली. "अहो भाऊजी, तो युनिव्हर्सिटीचा नव्हे. आपल्याकडे चॅन्सलर म्हटलं की पदवीदानाला झगा घालून बसणारे राज्यपाल आठवतात. जर्मनीत चॅन्सलर म्हणजे अख्खा देश चालवणारा माणूस!"

आणि मग ती जी सुटली! एका साध्या शिपायाचं पद कसं वाढत गेलं, कुठल्या राजाने आपल्याच चॅन्सलरचं डोकं उडवलं, कुठल्या चॅन्सलरने राजालाच बोटावर नाचवलं. पुऱ्या थंड झाल्या, पण परात मागायचं कुणाला सुचलं नाही.

"पद्मिनीताई," रुपाली म्हणाली, "हे तुम्ही आमच्या लायब्ररीत सांगा. नोव्हेंबरमध्ये लेक्चर सिरीज आहे आणि एक स्पीकर कॅन्सल झालाय."

"छे गं! माझं इंग्लिश ऐकून लोक उठून जातील."

दीपा सोफ्यावरूनच म्हणाली, "आई, यू टेल इट बेटर दॅन माय टीचर. जस्ट डू इट!"

सगळे हसले. पद्मिनीही हसली आणि हसता हसता हो म्हणून बसली.

पुढचे दिवस तिने नुसती धांदल केली. पुस्तकांतल्या चित्रांचे फोटो काढून चंद्रशेखरने स्लाइड्स बनवून दिल्या. भाषण लिहून झालं, आरशासमोर पाठ झालं. कार्यक्रमाच्या दिवशी ती मोरपंखी साडीवर जाड कोट चढवून लायब्ररीत पोचली. समोर बरीच मंडळी होती आणि बहुतेक साठीच्या पुढची. शॉमबर्ग मूळचं जर्मन शेतकऱ्यांचं गाव. शेतं जाऊन ऑफिसं उभी राहिली, तरी ती जुनी घराणी तिथेच होती. रुपालीने दाराशीच ओळख करून दिलेले वॉल्टर निमायर पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसले होते. उंच, रुंद खांद्यांचे, ओठ घट्ट मिटलेले.

पद्मिनीने बटण दाबलं. फट् असा आवाज झाला आणि प्रोजेक्टरचा बल्ब गेला. दुसरा बल्ब कुणाकडेच नव्हता.

तिने कागदावरून वाचायला सुरुवात केली. आवाज कापत होता. मागे कुणीतरी खोकलं, कुणी घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्या मनात आलं, नागपूरच्या वर्गात होता का कधी प्रोजेक्टर? तिने कागद टेबलावर पालथे टाकले.

"अहो, या इकडे," तिने चंद्रशेखरला मराठीतच हाक मारली आणि त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. "हे राजे आहेत," तिने इंग्लिशमध्ये जाहीर केलं. मग चार खुर्च्या ओढून तिने त्याच्यासमोर आडव्या लावल्या, मधे एक माणूस मावेल एवढी फट ठेवून. "हा जाळीचा कठडा. जुन्या रोममध्ये न्यायालयात असा कठडा असायचा. त्याला लॅटिनमध्ये 'कँचेल्ली' म्हणत आणि त्याच्याशी उभ्या राहणाऱ्या शिपायाला 'कँचेल्लारियस'. तोच आपला चॅन्सलर, दाराशी उभा राहणारा माणूस! मिस्टर निमायर, तुम्ही याल का?"

निमायरनी हाताची घडी सोडली. मग उठले आणि फटीत जाऊन उभे राहिले. सगळी फट त्यांनी भरून टाकली.

"आता ज्यांना राजाकडून काही हवंय, त्यांनी पुढे यावं."

रुपाली पुढे झाली. "महाराज, लायब्ररीसाठी नवा प्रोजेक्टर हवाय."

चंद्रशेखर तोंड उघडणार, तेवढ्यात निमायर गंभीरपणे म्हणाले, "महाराज झोपलेत. मला काय देणार, ते आधी बोला."

हॉल हसण्याने दणाणला. लोक भराभर पुढे येऊ लागले. कुणाला जमीन हवी होती, कुणाला शेजाऱ्याला तुरुंगात घालायचं होतं. एकानेही राजाकडे पाहिलं नाही.

"बघितलंत?" पद्मिनी म्हणाली. "सत्ता कुठे गेली ते?"

आता तिचा आवाज कापत नव्हता. खाटकाचा मुलगा म्हणून हिणवला गेलेला वुल्झी इंग्लंडचा चॅन्सलर झाला, राजाच्या तोडीचे महाल त्याने बांधले आणि राजाला घटस्फोट मिळवून देता आला नाही म्हणून धुळीला मिळाला. त्याच्यामागून चॅन्सलर झालेल्या मोर नावाच्या गृहस्थाने राजापुढे मान झुकवली नाही, ती त्याने कापून घेतली. मग जर्मनीचा चॅन्सलर बिस्मार्क आला आणि निमायर खुर्च्यांच्या फटीतूनच म्हणाले, "थांबा. त्या माणसाच्या लढायांत मरायला नको म्हणून माझे आजोबा घर सोडून इथे पळून आले. त्याचं नाव आमच्या घरात काढत नसत."

पद्मिनी त्यांच्याजवळ गेली. "तुमच्या आजोबांनी योग्यच केलं. पण म्हाताऱ्या कामगारांना सरकारने पेन्शन द्यावी, हा कायदाही त्याच माणसाने करवून घेतला. गरिबांच्या प्रेमापोटी नव्हे. कामगार आपल्यावर उलटतील ही भीती होती. तरी कायदा झालाच, आणि तिथून तो जगभर पसरला."

"म्हणजे माझ्या पेन्शनमागेही तोच?" निमायर म्हणाले. आणि मग एवढे मोठ्याने हसले की शेजारची खुर्ची हलली. "आजोबांना हे सांगायची सोय नाही, हे बरंय!"

शेवटी पद्मिनीने नाना फडणवीसांना आणलं. तान्ह्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि पुण्याचा सगळा कारभार नाना पाहू लागले, हे ती सांगत होती, आणि हॉलमधला एकेक म्हातारा जर्मन चेहरा पुढे झुकून ऐकत होता. शॉमबर्गच्या लायब्ररीत आपण शनिवारवाड्याची गोष्ट सांगतोय, या कल्पनेनेच तिच्या अंगावर काटा आला.

परतताना गाडीत तिने विचारलं, "राजा होऊन कसं वाटलं?"

"कंटाळा आला गं," चंद्रशेखर म्हणाला. "माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं."

त्या हिवाळ्यात लायब्ररीने तिला दर आठवड्याची संध्याकाळ देऊन टाकली. निमायर बायकोला घेऊन यायचे, पहिली रांग सोडायचे नाहीत आणि प्रत्येक चॅन्सलरवर भांडायचे. श्रोत्यांमध्ये कम्युनिटी कॉलेजातल्या एक बाई होत्या. वसंतात त्यांनीच पद्मिनीला बोलावून घेतलं, आणि यावेळी मुलाखतीत उच्चारांचा विषय निघालाच नाही. बिस्मार्कने राजीनामा दिला की त्याला द्यायला लावला, यावरच वाद रंगला. पडद्यांच्या दुकानातल्या मैत्रिणींनी तिला केक कापून निरोप दिला.

मराठी मंडळातली मुलं तिला 'चॅन्सलर काकू' म्हणू लागली. मोठी झाल्यावरही म्हणत राहिली. पद्मिनी वर्गात शिरली की आजही टेबलामागे जात नाही. थेट मुलांमध्ये जाते, साडीचा पदर खोचते आणि विचारते, "सांगा बरं, आज राजा कोण होणार?" सुरुवातीला सगळी हात वर करतात. महिनाभरात शहाणी होतात. मग राजा व्हायला एकही हात वर येत नाही, आणि दाराशी उभं राहायला मात्र अख्खा वर्ग धावतो.