बिनचूक विमानाला हाकलणारा स्पायरो

आमच्या सिडनीत टकल्याला 'कुरळ्या' म्हणायची रीत आहे. त्याच रीतीने स्पायरो कासिमाटिसचं नाव 'मौनी' पडलं. हा गृहस्थ पावाच्या दुकानात रांगेत गप्पा हाणत उभा राहिला की मागच्यांच्या पोटात कावळे ओरडतात. आणि त्याला नोकरी मिळाली गप्प बसायची!

ढग खाली उतरले की आमच्या विमानतळावर शेजारशेजारच्या दोन धावपट्ट्यांवर दोन विमानं जोडीनं उतरतात. वैमानिकांना एकमेकांची शेपटीही दिसत नाही. मधल्या आकाशात एक निषिद्ध पट्टा. तिथे कोणी शिरायचं नाही. नियंत्रण कक्षात बसून स्क्रीनवर डाव्या विमानाला स्पायरो सांभाळतो, उजव्याला मी. सगळं सुरळीत असेल तर ब्र काढायचा नाही. म्हणून स्पायरोचा गुडघा शिलाई मशीनसारखा चालतो आणि खुर्चीखाली फाडलेल्या कागदी रुमालांचा सडा पडतो.

त्या दिवशी वाऱ्याला ताळतंत्र नव्हतं. माझं विमान मधे सरकू लागलं.

"उजवीकडे वळा, आपल्या रेषेवर या!" मी सांगितलं. उत्तर नाही.

"अरे, तुझं कार्टं माझ्या अंगणात येतंय," स्पायरो कुजबुजला.

मी पुन्हा ओरडलो. तोवर ते पट्ट्यात शिरलं आणि स्क्रीन लाल झाला.

आता आमचा नियम असा, की चुकार ऐकत नसेल तर शेजारच्या गरीब गाईला हाकलायचं. स्पायरोचा गुडघा थांबला.

"धोका! ताबडतोब डावीकडे वळा, वर चढा!"

"मी? मी तर नाकासमोर चाललेय!" वैमानिक बाई कडाडल्या, पण कडाडता कडाडता वळल्या.

स्पायरोच्या घशात पाऊण तासाचं स्पष्टीकरण दाटलं होतं. ते गिळून त्याने फक्त दिशा पुन्हा सांगितली.

माझं कार्टं शुद्धीवर आलं आणि साळसूदपणे वेळेवर उतरलं. बाई मात्र समुद्रावरून वळसा घालून रांगेच्या शेपटाला.

"ऊठ, मौनी," आमची मुख्य नोरीन म्हणाली. "असं झालं की खुर्ची सोडून चौकशीला जायचं."

"ती उतरू दे गं."

"मी बघते ना!"

"तू बघ. मीही बघतो."

खुर्ची त्याने तिला दिली, पण खुर्चीची पाठ धरून मागेच उभा राहिला. बाईंचा ठिपका ढगातून इंच इंच खाली येत होता. नोरीनने दोनदा त्याची बोटं खुर्चीवरून सोडवली. चाकं टेकल्याचं टॉवरने कळवलं, तेव्हा कुठे तो चौकशीच्या खोलीकडे निघाला.