दाराआडचा दोर

बाळांनो, आजीच्या गावात नळ कसे आले, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तुमच्या आईने सांगितलं, पुण्याहून इंजिनिअर आले आणि त्यांनी फुकट करून दिले. ते खरंच आहे. पण त्यात मी एक गोष्ट केली, ती तुमच्या आईला माहीत नाही. इंग्रजीत लिहिली असती तर जरा सभ्य दिसली असती. म्हणून मुद्दाम मराठीत लिहिते.

आमचं गाव आलापल्लीहून आत, सागाच्या जंगलात. तुमचे आजोबा वनखात्यातून निवृत्त झाले, मी शाळेतून, आणि आम्ही इथेच राहिलो. ते गेल्यानंतर दुपारचा चहा मी शेजारणीबरोबर घेऊ लागले. ती गोंड, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. अक्षरओळख नाही, पण कुठल्या नाल्यात कुठे खणलं की पाणी लागतं हे तिला तोंडपाठ.

हातपंपाचं पाणी तांबूस येतं, भातसुद्धा रंगतो. त्यामुळे पिण्याला सगळं गाव विहिरीवर. उन्हाळ्यात ते पाणी किती खाली जातं, याची कुणी नोंद ठेवत नव्हतं. मला नोंदी ठेवायला आवडतं. शेजारणीने अंबाडीचा दोर वळला, टोकाला पितळी लोटा बांधला आणि गाठी मारल्या. नाकापासून पसरलेल्या हाताच्या बोटापर्यंत एक गाठ, असं तिचं माप. दर महिन्याच्या एक तारखेला ती दोर सोडायची, उंदी, रंड, मूंद असं गोंडीत मोजायची आणि लोटा पाण्याला टेकला की मला मराठीत आकडा सांगायची. मी तो इंग्रजीत लिहायची. बारा वर्षांत एकही महिना चुकला नाही. दोर माझ्या स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला असायचा.

मग हिवाळ्यात ते तिघे आले, दोन मुलगे आणि एक मुलगी. आपापल्या नोकरीतून दहा दिवसांची रजा काढून आलेले. विहिरीत सौरपंप सोडायचा, टेकाडावर टाकी, तिथून घरोघरी नळ. मुलगी त्यांची मुख्य. पहिल्याच दिवशी तिने मला "आजी" म्हटलं. हा शब्द मी तुमच्यासाठी राखून ठेवला होता. मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझी शेजारीण तिच्याबरोबर. दोघी टेकाड चढताहेत, नाल्यात उतरताहेत, हसताहेत. दुपारी मी दोन कप मांडायची आणि एक तसाच धुऊन ठेवायची. दर वर्षी तळ्यातले पहिले शिंगाडे माझ्याकडे यायचे. त्या वर्षी ते मुलीच्या पिशवीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. वर कळलं की मुलगी रोज शेजारणीच्या घरी जमिनीवर बसून जेवते. बारा वर्षांत मी तिच्या घरी एकदाही जेवले नव्हते. नेहमी तीच माझ्या ओट्यावर यायची. हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा मला स्वतःचा नाही, त्या मुलीचाच राग आला.

सहाव्या दिवशी मुलगी माझ्याकडे आली. विहीर उपसून त्यांनी गाळ काढला होता, त्यामुळे आजच्या पाण्यावरून काही कळत नव्हतं.

"आजी, तुमच्या वहीबद्दल ऐकलं. पंप किती खोल टांगायचा ते त्यावर ठरेल. वर राहिला तर मे महिन्यात कोरडा फिरून जळेल. फार खाली गेला तर गाळ ओढेल."

मी वही दिली. सुबक रकाने, वळणदार अक्षर. ती पानं उलटत राहिली.

"किती सुंदर ठेवलंय! मे महिन्यात तेरा गाठी. एका गाठीचं अंतर किती?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

"दोर आहे का?"

"सापडायला हवा."

दोर तिच्यापासून चार पावलांवर होता, दाराआड.

संध्याकाळी विहिरीवर तिने शेजारणीला विचारलं. मीही तिथे उभी होते. शेजारणीने माझ्याकडे पाहिलं, मग पदर खोचला. "मले का इचारतेस? दोर बाईकडे असते."

"मग एक हात धरते," मुलगी म्हणाली. "कोपरापासून बोटापर्यंत. सगळीकडे तसंच मोजतात. उद्या सकाळी पंप सोडू."

म्हणजे खऱ्या मापाच्या निम्म्याच्या आसपास. पंप उन्हाळ्याच्या पाण्याच्या बराच वर लटकणार होता. मला ते तिथेच कळलं आणि मी घरी निघून आले. जळू दे, असं मनात आलं. खोटं कशाला लिहू? मे महिन्यात नळ कोरडे पडतील, मुलगी पुण्यात असेल आणि शेजारीण पुन्हा माझ्या ओट्यावर येईल, इथवर माझा विचार गेला होता.

सकाळी शेजारीण दारात उभी. पाच दिवसांनी.

"चहा भेटन का, बाई? का आता इंजिनेरबाईच्या मागंच जाऊ?"

मी चहा टाकला. एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "काऊन बाई, साखर बी रुसली का?"

"तू काल बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"मी काऊन बोलू? दोर तुमच्या घरी हाये. तुमच्याच तोंडून निघाला पायजे." मग कप खाली ठेवून म्हणाली, "पोरगी चार दिवसांनं चालली जाईन. उन्हाळ्यात विहिरीवर हंडे घेऊन मी जाईन, बाई. तुमच्या घरी बी मीच आणून देते. भुलल्या का?"

विसरले नव्हते. पण जळताना मी त्या हंड्यांचा विचार केला नव्हता. मी दार पुढे ओढलं आणि खिळ्यावरून दोर काढला.

विहिरीवर पंपाला दोरखंड बांधून झाला होता. मुलगी धावत आली. "आजी, सापडला?"

"हरवला नव्हता," मी म्हणाले.

टेपचं टोक माझ्या हातात देत ती म्हणाली, "बरं. हे गाठीवर धरा."

तेरा गाठी आम्ही एकेक करून मोजल्या. कुठल्याच दोन गाठींमधलं अंतर सारखं नव्हतं. "माह्या हाताले फुटपट्टी समजलीस काय वं?" असं शेजारणीने तिला सुनावलं आणि तिघे इंजिनिअर हसत सुटले. पंप आणखी बराच खाली गेला. त्या दुपारी मी शेजारणीच्या घरी जेवले. मुलगी माझ्या शेजारीच बसली होती आणि शेजारणीने पहिला भात तिलाच वाढला.

वैशाखात नळ चालू राहिले. नळ सोडताना बायका अजून त्या मुलीचं नाव घेतात, वहीचं कुणी घेत नाही. दर एक तारखेला आम्ही दोघी दोर सोडतोच. लोटा टेकला की शेजारीण आकडा मला सांगते आणि लगेच फोन काढून पुण्याला कळवते. चांगली अर्धा तास बोलते, माझ्याशी बोलत नाही इतकं. मी फक्त एवढी काळजी घेते, की फोन लागायच्या आत आकडा माझ्या वहीत उतरलेला असतो.